इलेक्ट्रॉनिक गिअर की केबलचे: साताऱ्याच्या घाटांत 10 महिन्यांनंतर

सायकलच्या पुढच्या दोन दातेरी चकत्यांवर चेन सारखी खाली-वर करावी लागत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक गिअरसाठी, म्हणजे केबलऐवजी मोटरने चेन हलवणाऱ्या गिअरसाठी, जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे 10 महिन्यांच्या वापरानंतरचे मत झाले आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला मात्र ती सारखीच खाली-वर करावी लागते, त्यामुळे घेतल्याचा मला पश्चात्तापही होत नाही.

माझी जुनी रोड सायकल केबलच्या गिअरची आहे, पुढे 2 आणि मागे 11 चकत्या. ती मी चार वर्षे चालवली. गेल्या जूनमध्ये घेतलेल्या नव्या सायकलीवर पुढे 50 आणि 34 दातांच्या चकत्या, मागे 11 ते 34 दातांची 12 चकत्यांची कॅसेट आणि गिअर बदलायला बटणे आहेत. पुढची चकती जितकी लहान आणि मागची जितकी मोठी, तितका गिअर चढाला हलका. लिव्हरपासून (हँडलवरचा गिअरचा खटका) डिरेलरपर्यंत (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) वायर नाही. दोन्ही डिरेलरांना वीज पुरवणारी बॅटरी सीटच्या दांड्यात बसवलेली आहे आणि लिव्हरमध्ये नाण्यासारखे चपटे सेल आहेत. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नसून केबल की मोटर एवढाच आहे. पावसाळा, थंडी आणि कारखान्यांचा गळीत हंगाम या सगळ्यांतून मिळून सुमारे 4,300 किलोमीटर झाले असून त्यांतले निम्म्याहून अधिक कासच्या रस्त्यावरचे आहेत.

यवतेश्वरचा घाट चढताना फरक फारसा कळत नाही, कारण तिथे चेन एकदा लहान चकतीवर टाकली की वर पोहोचेपर्यंत हलवावी लागत नाही. खरी परीक्षा पठारावर पेट्रीच्या पुढे सुरू होते. रस्ता दोनशे मीटर उतरतो, लगेच वळून शंभर मीटर चढतो, पुन्हा उतरतो, आणि प्रत्येक वेळी मोठी चकती की लहान याचा निर्णय पॅडलवर जोर असतानाच घ्यावा लागतो. केबलच्या गिअरमध्ये मोठ्या चकतीवर जाण्यासाठी डावा लिव्हर चांगला लांबपर्यंत ढकलावा लागतो, पायांचा जोर क्षणभर सोडावा लागतो, आणि एवढे करूनही चेन कधीकधी चकतीच्या कडेवर घासत राहते. मग अर्धा खटका मारून डिरेलर किंचित सरकवावा लागतो. मोटर हे काम दर वेळी सारख्याच जोराने करते. मागे गिअर बदलला की पुढचा डिरेलर आपण न सांगता थोडा सरकतो आणि घासण्याचा आवाज येतच नाही. जुन्या सायकलीवर मी पुढचा गिअर बदलण्याचे टाळत असे, हे मला नवी सायकल आल्यावर समजले. मोठ्या चकतीवरच अडून राहून मी चढ गुडघ्यांच्या बळावर काढत होतो. आता तसे करत नाही, आणि तीन-साडेतीन तासांच्या फेरीनंतर घरचा जिना चढताना त्याचा फरक जाणवतो.

मागच्या गिअरबद्दल मात्र जाहिरातीत सांगतात तेवढे अंतर मला दिसले नाही. केबल नवी असेल, आउटर (केबलवरचे नळीसारखे आवरण) नीट कापलेले असेल आणि हँगर (मागचा डिरेलर जिथे अडकवतात तो फ्रेमवरचा तुकडा) सरळ असेल, तर जुन्या सायकलीचा मागचा गिअर बटणाइतकाच चटकन पडतो. अडचण ते टिकवण्याची आहे. कासला पाऊस आडवा येतो, रस्त्यावरची लाल माती पाण्यातून आउटरमध्ये शिरते आणि केबल आतल्या आत जड होते. याचे पहिले लक्षण ठरलेले असते: मोठ्या दातांवर चेन ठीक चढते, कारण तेव्हा आपला हात केबल ओढत असतो, पण लहान दातांवर उतरताना काम एकट्या स्प्रिंगचे असते, आणि जड झालेली केबल मागे खेचायला ती कमी पडते. मग चेन उतरायला नुसती टाळाटाळ करते. जुन्या सायकलीवर दर पावसाळ्यात मी एकदा इनर (आतली तार) आणि आउटर दोन्ही बदलत आलो. नव्या सायकलीवर जूनमध्ये जे ट्युनिंग झाले, त्याला आजवर हात लावलेला नाही. एकदा मागचे चाक काढून बसवल्यावर बारीकसा फरक पडला होता, तो चालत्या सायकलीवर बटणानेच दुरुस्त झाला.

दोन्हींनी मला एकेकदा वाटेत अडवले आहे, आणि निवड करणाऱ्याने खरा विचार यावरच करावा असे मला वाटते.

केबलची गोष्ट दीड वर्षापूर्वीची. उजव्या लिव्हरच्या आत जिथे केबल लहानशा गोलाईवरून वळते, तिथे तिचे तंतू एकेक करून तुटत असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. आठवडाभर गिअर नेम चुकल्यासारखे पडत होते, तरी मी केबलचा ताण कमी-जास्त करणारा बॅरल नुसता फिरवत राहिलो. शेवटी घाटाईच्या फाट्याजवळ ती तुटली आणि स्प्रिंगने चेन थेट सर्वांत लहान, 11 दातांच्या चकतीवर नेऊन टाकली. खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने डिरेलरवरचा एच लिहिलेला स्क्रू, म्हणजे चेन लहान चकत्यांकडे कुठवर जाईल हे ठरवणारा, आत आत पिळत गेलो, तशी चेन दोन चकत्या वर सरकली. तेवढ्यावर, पुढची लहान चकती वापरून, मी घरी आलो. लिव्हरमध्ये अडकलेले केबलच्या टोकाचे बोंड काढायला नंतर चिमटा घेऊन अर्धा तास लागला. नव्या केबलीचा खर्च दोन-तीनशे रुपये.

बॅटरीची गोष्ट नोव्हेंबरमधली, आणि चूक पूर्णपणे माझी. एका चार्जवर साधारण हजार किलोमीटर होतात असे सांगतात, म्हणून मी मोजणेच सोडून दिले होते. मागच्या डिरेलरवरचा छोटा दिवा लाल झालेला दोन दिवस दिसत होता, तोही दिवाळीच्या गडबडीत दृष्टीआड केला. बोगदा ओलांडून उरमोडीच्या बाजूला सपाटीला मोठी चकती टाकली. सज्जनगडाच्या चढाच्या पायथ्याशी डावे बटण दाबले, पुन्हा दाबले, आणि पुढचा डिरेलर जागचा हलला नाही. बॅटरी संपत आली की आधी पुढचा डिरेलर बंद होतो आणि मागचा थोडा वेळ चालू राहतो, अशी त्याची रचनाच असते, म्हणजे आपण घरी पोहोचावे. रचना शहाणपणाची आहे, पण चढाच्या तोंडाशी 50 दातांच्या चकतीवर अडकलेल्या माणसाला ते शहाणपण पटायला वेळ लागतो. मागे 34 दातांवर टाकून फाट्यापर्यंत कसाबसा गेलो आणि ठोसेघरचा बेत सोडून परत फिरलो. इथे पिळायला स्क्रू नव्हता, हा दोन्हींतला फरक.

राजवाड्याच्या बाजूला ज्यांच्याकडे मी जुनी सायकल वर्षानुवर्षे दुरुस्तीला नेत आलो, त्या काकांना नवी दाखवली तेव्हा त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला, लिव्हरखाली बोटे घालून पाहिले आणि म्हणाले, "सर, ह्यात वायरच न्हाई, तर मी पिळू काय?" हसण्यावारी नेले, पण अर्थ तोच राहतो. चेन, ब्रेक, चाकांचे काम ते उत्तम करतात. मोटरचे किंवा लिव्हरचे काही निघाले तर सायकल पुण्याला न्यावी लागेल, आणि डिरेलरवर दगड बसून तो मोडला तर खर्च केबलच्या डिरेलरच्या कितीतरी पट. ही भीती अजून प्रत्यक्षात आलेली नाही.

बाकी किरकोळ. दोन बटणे अगदी शेजारी असल्याने डिसेंबरच्या धुक्यात जाड हातमोजे घालून चुकीचे बटण दाबले जाते, आणि लिव्हरचा तो खट्‌कन लागणारा हिसका बोटांना मिळत नसल्याने चूक उशिरा कळते. मोबाईलमधले ॲप पहिल्या आठवड्यात उत्सुकतेने उघडले, नंतर एकदाच.

बाजाराची दिशा पाहता ही निवडही किती दिवस हातात राहील हा प्रश्न आहे. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानोने आपल्या सर्वांत वरच्या ड्युरा-एस संचात डीआय-टू हे इलेक्ट्रॉनिक गिअर 2009 मध्ये आणले. स्रॅम या दुसऱ्या कंपनीने विनावायरची ई-टॅप 2015 मध्ये. 2021 पासून शिमानोचे वरचे दोन्ही रोड संच, ड्युरा-एस आणि अल्टेग्रा, नव्या 12 गिअरच्या पिढीत फक्त इलेक्ट्रॉनिक आहेत. 105 हा त्याखालचा संचही 2022 मध्ये 12 गिअरचा झाला तेव्हा आधी इलेक्ट्रॉनिकच आला. केबलचा 12 गिअरचा 105 एक वर्षाने, 2023 मध्ये मिळू लागला. आज कोणी मला विचारले, तर वाढे फाटा ते कोरेगाव अशा बहुतेक सपाट रस्त्यांवर चालवणाऱ्याला मी तोच सुचवेन, कारण किमतीतल्या फरकात एक चांगली हायब्रिड सायकल येते.

जुनी सायकल विकायची ठरवली होती, ती विकली नाही. परवाच काकांकडून तिच्यात नवी इनर टाकून घेतली आहे. मे महिन्यात चार दिवसांसाठी कोकणात उतरायचे आहे, चार्जरचा विचार न करता. तेव्हा तीच नेणार, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जादा केबल सीटखालच्या पिशवीत घालून.