मेलेलं कॅरेक्टर परत येणार का? अनडेड कॅम्पेन निवडताना

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात अनडेड (मरूनही चालतेफिरते राहिलेले) शत्रू असलेलं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, निवडायचं म्हटलं की आपण डीएम, म्हणजे खेळ चालवणारी मंडळी, आधी राक्षसच बघतो. व्हॅम्पायर हवा की लिच (मरण चुकवलेला जादूगार), भुतं हवीत की झाँबी? मी हल्ली वेगळ्याच प्रश्नाने सुरुवात करतो: या साहसात खेळाडूचं कॅरेक्टर मेलं तर पुढे काय? शत्रू मरण चुकवून बसलेला आहे, मग आपल्या पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या कॅरेक्टरांच्या टोळीच्या, वाट्याला कसं मरण येतं, यावरच टेबलावरची भीती उभी राहते किंवा कोसळते. चार मोठी साहसं याच प्रश्नावर तपासून बघू. हे डीएमसाठी आहे. यातलं एखादं खेळाडू म्हणून खेळायचं असेल तर इथेच थांबा, पुढे गुपितं फुटणार आहेत.

पहिलं अर्थातच 'कर्स ऑफ स्ट्राड'. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी 2016 साली आलेलं, लेव्हल (कॅरेक्टरच्या ताकदीच्या पायऱ्या) 1 ते 10 चं. त्याचं मूळ 1983 च्या 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये आहे. गोष्ट घडते तो बरोव्हिया देश धुक्याने वेढलेला आहे आणि बाहेर पडायची वाट नाही. पण या पुस्तकाची खरी ताकद त्याच्या व्हिलनमध्ये आहे. स्ट्राड हा व्हॅम्पायर शेवटच्या खोलीत पार्टीची वाट बघत बसत नाही. तो वाटेत भेटतो, गोड बोलतो, किल्ल्यावर जेवायला बोलावतो, डाव अंगाशी येतोय असं दिसलं की निघून जातो आणि पुन्हा येतो. त्याच्या किल्ल्यात लाल स्फटिकाचं एक हृदय आहे. ते शाबूत आहे तोवर स्ट्राडला बसणारा मार, एकूण 50 हिट पॉइंटपर्यंत (उरलेला जीव मोजायचे अंक), तेच सोसतं. खेळाडूंना हे माहीत नसतं. आपण घातलेल्या घावाची त्याच्यावर खूणही उमटत नाही, एवढंच त्यांना दिसतं.

मरणाचं काय? बरोव्हियात मेलेला परत येऊ शकतो, पण मरून 24 तास उलटले असतील तर तो वेड घेऊन परततो. क्लेरिकचा (पार्टीतल्या मंत्राने बरं करणाऱ्या पुजाऱ्याचा) मंत्र चालतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात, तोच परत आलेल्या मित्राची नजर बदललेली दिसते. एखाद्याला परत आणावं की नाही यावर पार्टीत खरोखरची चर्चा होते, आणि मला हे पुस्तक सगळ्यात जास्त आवडतं ते याचसाठी.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. सुरुवातीला डेथ हाउस नावाचं छोटं साहस जोडलेलं आहे. रस्त्यावर दोन लहान मुलं उभी असतात. घरात राक्षस आहे, धाकटा भाऊ वर अडकलाय, असं सांगतात. वरच्या कुलूपबंद खोलीत पार्टीला त्याच मुलांचे सांगाडे सापडतात. ती तिथे उपाशी मेलेली असतात. आणि तळघर असं आहे की पहिल्या-दुसऱ्या लेव्हलची अख्खी पार्टी तिथे संपू शकते. टेबलावर लहान मुलांचे आईबाप असतील तर हा प्रसंग ठेवायचा का, हे पहिल्या सेशनच्या आधी मोकळेपणाने विचारा. मी एकदा न विचारता चालवला आणि एक मैत्रीण खेळ अर्धवट टाकून उठली. चूक माझीच होती.

'टूम ऑफ ॲनायलेशन' (2017, लेव्हल 1 ते 11) मरणाच्या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाला आहे. जगभर एक शाप पसरलाय. आधी कधीतरी मरून परत आलेली माणसं रोज 1 हिट पॉइंटने झिजतायत, आणि आता मेलेल्याला परत आणणारी जादू चालतच नाही. हवं असेल तर आणखी कडक नियम दिलेला आहे: मरणाच्या दारातला डेथ सेव्ह, म्हणजे जगण्यासाठी टाकलेला फासा, 10 ऐवजी 15 वर. चल्टच्या जंगलातून नकाशावरच्या 10-10 मैलांच्या षटकोनांत वाट काढायची, पाणी आणि रोगराई सांभाळायची, आणि शेवटी सापळ्यांनी भरलेली कबर. नियोजन करण्यात रमणाऱ्या टेबलाला हे सोनं आहे. बाकीच्यांना मधला प्रवास लांबतो. व्हिलन असेरॅक, 1978 च्या 'टूम ऑफ हॉरर्स'मधला तोच लिच, पार शेवटी समोर येतो, त्यामुळे महिनोन्‌महिने त्याच्याबद्दल राग धरायला जागाच नसते. हेच निवडलंत तर पार्टीसोबत दोन-तीन वाटाडे आणि हमाल पहिल्यापासून ठेवा, त्यांना नावं द्या, बोलतं करा. कॅरेक्टर मेलं की खेळाडू त्याच सेशनमध्ये त्यांच्यातला एक होऊन खेळू शकतो.

पाथफाइंडर या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळाकडे वळलं तर 2011 ची 'कॅरियन क्राउन' ही सहा भागांची मालिका आहे. सुरुवात फार सुंदर आहे: एका प्राध्यापकाच्या अंत्ययात्रेत शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं, तीच पुढे पार्टी होते. पहिल्या भागातला जळालेला तुरुंग आणि त्यातली कैद्यांची भुतं अप्रतिम. पण पुढे मानवनिर्मित राक्षस, मग लांडगेमाणसं, मग समुद्राकाठची वेगळीच भयकथा, असं प्रत्येक भागात भय बदलतं. अनडेड म्हणून घ्याल तर मध्ये बराच काळ ते हाती लागत नाहीत. आणि मरणाला इथे किंमत आहे ती रोकडी: 5,000 सुवर्णनाण्यांचा हिरा लावला की माणूस परत, सोबत दोन निगेटिव्ह लेव्हल, म्हणजे ताकदीत घट. नियम म्हणून ठीक, पण भीती त्यातून येत नाही.

'ब्लड लॉर्ड्स' (2022, पाथफाइंडर दुसरी आवृत्ती, लेव्हल 1 ते 20) सगळंच उलटं करतं. गेब देशात राज्यच अनडेडांचं. शेतात झाँबी राबतात, ते धान्य जिवंतांच्या देशांना विकलं जातं, आणि पार्टी त्याच राज्यकर्त्यांसाठी काम करत वर चढते. त्याच वर्षीच्या 'बुक ऑफ द डेड'मधले नियम घेतले तर खेळाडू सांगाडा किंवा घूल (प्रेतं खाणारा अनडेड) होऊनही खेळू शकतो. पण मग नेहमीचा बरं करणारा मंत्र त्याच साथीदाराला जाळतो आणि इजा करणारा मंत्र त्याला बरा करतो. पार्टीत निम्मे जिवंत आणि निम्मे मेलेले असतील तर क्लेरिकची प्रत्येक फेरीत कसरत होते, म्हणून कोण काय होणार हे सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि एकाला जरी 'आपण चांगल्या बाजूचे' हवं असेल, तर हे पुस्तक नका घेऊ. तो माणूस प्रत्येक सेशनला अडून राहील, आणि त्याचं चुकत नसेल.

तर मी काय निवडेन? नेहमीच्या चार-पाच मित्रांसाठी, फार विचार न करता, स्ट्राड. वर्षभर टिकणारी मंडळी नसेल, चार-सहा सेशनच मिळणार असतील, तर 'कॅरियन क्राउन'चा फक्त पहिला भाग चालवा. तुरुंगाची गोष्ट त्यातच पुरी होते.