रोगाचं मूळ शोधायचं की उपचार सुधारायचे? पीएचडीचा विषय निवडताना

वैद्यकीय संशोधनात पीएचडी करायची ठरली की दोन वाटा समोर येतात. एकीत रोग शरीरात नेमका कसा घडतो, हे पेशी, जनुकं आणि प्रथिनांपर्यंत जाऊन शोधायचं. दुसरीत रुग्णाला आज मिळणारा उपचार आणखी चांगला कसा होईल, हे तपासायचं. पहिली वाट ज्ञानाची आणि दुसरी उपयोगाची, अशी वाटणी सर्रास केली जाते. मला ती मुळीच पटत नाही. प्रयोग फसला तर हातात काय उरतं आणि चार-पाच वर्षांत प्रश्न कुठवर सुटू शकतो, यावरून निवड करावी.

उपयोगाचं आधी बोलू. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, एक गुणसूत्र वाजवीपेक्षा लहान असतं, हे १९६० साली लक्षात आलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने तसं होतं, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्यातून बनणारं बिघडलेलं प्रथिन रोखणारं इमॅटिनिब हे औषध बाजारात यायला २००१ उजाडलं. म्हणजे मुळाचा शोध घेणाऱ्यांच्या कामातून थेट औषध आलं, पण चार दशकांनी. ही वाट धरणाऱ्याने साखळीतली एक कडी आपली मानायची तयारी ठेवावी.

उलट दिशेचं उदाहरण तितकंच बोलकं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयात अनियमित जादा ठोके पडतात, त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो. मग ठोके दाबणारी औषधं दिली की जीव वाचेल, हा तर्क बिनचूक वाटत होता. ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ती औषधं आणि औषध नसलेल्या गोळ्या यांची तुलना झाली. औषधांनी ठोके दाबले होते, तरी ती घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त झाले. हे १९८९ मध्ये बाहेर आलं. रोगाची यंत्रणा समजल्यासारखी वाटणं आणि माणूस वाचणं यांत केवढं अंतर असतं, ते अशा चाचणीशिवाय कळत नाही. म्हणून उपचारांवरच्या संशोधनाला दुय्यम लेखणाऱ्यांचा मला राग येतो.

आता अपयशाचं. माझ्या मते खरा फरक इथेच आहे. प्रयोगशाळेत वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे नमुन्यातलं ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या तपासणीत, अपेक्षित पट्टी दिसली नाही, तर गृहीतक चुकलं, ते प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी निकामी होती की पेशींमध्ये दुसऱ्याच पेशींची भेसळ झाली होती, हे शोधण्यात महिने जातात. जनुक बंद केलेल्या उंदरांची एक पिढी वाढायला साधारण तीन महिने लागतात. हवी तशी पैदास जमेपर्यंत वर्ष सरतं. ‘काहीच दिसलं नाही’ यावर प्रबंध उभा राहणं कठीण. नीट आखलेल्या क्लिनिकल चाचणीत मात्र ‘नव्या उपचाराने फरक पडला नाही’ हेही ठोस उत्तर असतं आणि ते छापण्याजोगं असतं.

त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षी काही अनपेक्षित दिसलं, तर प्रश्न वळवता येतो. कित्येक चांगले प्रबंध असेच घडतात. चाचणीत मुख्य निकष आणि रुग्णसंख्या आधीच नोंदवावी लागते, निकाल पाहून त्या बदलता येत नाहीत. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णांची भरती तर तुमच्या हातात नसतेच. भरती रखडली की कष्टाळू विद्यार्थीही बसून राहतो.

म्हणूनच एकट्याच्या पीएचडीत नव्या औषधाची मोठी चाचणी घ्यायची स्वप्नं पाहू नयेत. चालू चाचणीतला एखादा उपप्रश्न, औषधाच्या मात्रेचा अभ्यास, जुन्या औषधाचा नवा उपयोग, झालेल्या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा, असे विषय मुदतीत पुरे होतात. हे काम छोटं नाही. कोविडमध्ये जीव वाचवणारं डेक्सामेथासोन जुनं, स्वस्त स्टेरॉइड होतं; २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

डॉक्टर असाल, रुग्ण पाहणं सोडायचं नसेल आणि संख्याशास्त्राची धास्ती नसेल, तर दुसरी वाट घ्या. जीवशास्त्रातून आला असाल आणि ‘असं का होतं’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल, तर पहिली; मात्र पीएचडीनंतर बहुधा पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधनपदाची, आणखी काही वर्षं धरून चाला. रुग्णांच्या नमुन्यांवर यंत्रणा तपासणारा मधला मार्गही आहे, पण त्यासाठी दोन्हीकडचे गाइड एकमेकांशी खरोखर बोलणारे हवेत.

प्रवेशाआधी गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. पहिली वाट असेल तर मुख्य प्रयोग फसल्यावर त्यांना दुसरा प्रश्न मिळाला का, हे विचारा. दुसरी असेल तर मंजुरी आधीच हातात होती का आणि ठरलेले रुग्ण किती काळात मिळाले, एवढं विचारलं तरी पुरे.