थेरपी आणि रूटीन एकाच फाईलमध्ये : पलासियाजवळच्या एका सेंटरचा रिव्ह्यू

आधी पैशाचं सांगून टाकते कारण इंदूरला पहिला प्रश्न तोच येतो. एका सेशनचे 1500, साधारण पन्नास मिनिटं. तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं तर थोडं स्वस्त पडतं पण पॅकेज लगेच घेऊ नका, का ते पुढे येईलच. जागा पलासियाच्या बाजूला, वरचा मजला, लिफ्ट आहे, पार्किंगची बोंब. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण काही तक्रारीपण लिहायच्यात आणि मला उगाच वाद नकोत, खरंच जायचं असेल त्यांनी पर्सनलवर विचारा.

माझं बॅकग्राउंड थोडक्यात. सियागंजात एका फर्मचे अकाउंट्स बघते, म्हणजे दर महिन्याची 11 आणि 20 तारीख, जीएसटीच्या त्या दोन रिटर्नच्या तारखा, माझ्या छातीवर बसलेल्या असतात. झोप उडालेली, सकाळी उठून रडू यायचं, रविवारी कोणी घरी आलं तर नकोसं वाटायचं, सानंदच्या नाटकाची तिकिटं असूनही न जाता लोळत पडायचं. आमच्या यांनी आधी दुसऱ्या एका ठिकाणी कौन्सेलिंगला नेलं होतं. बाई चांगल्या होत्या, ऐकून घ्यायच्या, मी मनसोक्त रडायचे, बाहेर पडले की हलकं वाटायचं आणि संध्याकाळपर्यंत परत जैसे थे. मग भाच्याने फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं, ते दिवसभर टुंग टुंग करून पाणी प्या, चाला, श्वास घ्या असं सांगायचं. अरे बाबा, चालायचं कळतंय पण पलंगावरून उठवत नाही त्याचं काय, ते त्याला कुठून कळणार!

तर इथे फरक हा की बोलणं आणि दिनचर्या हे दोन वेगळे काउंटर नाहीत. थेरपिस्ट मॅडम मूळच्या देवासच्या, मराठी छान बोलतात, मधेच हिंदीत घसरतात, आपल्यासारख्याच. पहिल्या भेटीत माझी कहाणी ऐकण्याआधी दोन गोष्टी केल्या. एक, नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, पीएचक्यू-9 म्हणतात त्याला, गेल्या दोन आठवड्यांत मन लागलं नाही, झोप, भूक, थकवा, जगणं नको वाटलं का वगैरे, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27, आकडा जितका जास्त तितकं डिप्रेशन जास्त. माझा आकडा पंधराच्या वर गेला. दुसरी गोष्ट, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि त्या आमच्या फॅमिली डॉक्टरला दाखवायला सांगितल्या, थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन. म्हणाल्या थायरॉइड मंदावलं की माणूस तसाच उदास आणि सुस्त होतो, मग आपण इथे बोलत बसू आणि तिकडे गोळी लागत असेल. थायरॉइड ठीक निघालं, बी-12 मात्र तळाला, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही त्यामुळे नवल नाही. त्याचं औषध डॉक्टरांनी सुरू केलं. इतक्या वर्षांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, नुसत्या या एका गोष्टीसाठी मी एक स्टार जास्तीचा देईन.

मग तक्ता आला. साधा छापील कागद, आडवे वार, उभे तास, आणि प्रत्येक चौकटीत काय करत होते ते दोन शब्दांत आणि मूड 0 ते 10. आठवडाभर फक्त भरायचा, बदलायचं काहीच नाही. मला वाटलं हा काय बालिशपणा. पण पुढच्या सेशनला मॅडमनी तो टेबलावर सरळ केला आणि पेन्सिलने गोल करत गेल्या, आणि सगळे 2 आणि 3 एकाच ठिकाणी, जेवणानंतर ऑफिसात एकटी बसून जुनी बिलं काढते तिथे आणि रात्री मोबाईल घेऊन पडते तिथे. आणि 6-7 कुठे, तर सकाळी शेजारच्या काकूंबरोबर दूध आणायला जाते ती दहा मिनिटं! मी स्वतः भरलेलं असून मला दिसलं नव्हतं. याला बिहेव्हिअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात असं त्यांनी सांगितलं, म्हणजे मन बरं झालं की कामं करू असं थांबायचं नाही, आधी छोटं काम ठरलेल्या वेळेला करायचं आणि मूड मागून येतो. ऐकायला उपदेश वाटतो, पण आपल्याच हस्ताक्षरात समोर असला की वाद घालता येत नाही.

तर चालणं तिथून निघालं. "रोज चालत जा" असं मोघम नाही, दूध आणायला जाताच तर काकूंना घेऊन राजेंद्र नगरच्या आतल्या रस्त्याने एक मोठी चक्कर, सोमवार ते शनिवार, एवढंच. नंतर वाढवलं. डब्ल्यूएचओ आठवड्याला 150 मिनिटं म्हणते तिथपर्यंत आता पोचते, सुरुवातीला त्याच्या निम्मं पण नव्हतं आणि मॅडमनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी विचारलं की नुसत्या चालण्याने काय होणार, तर त्यांनी अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीचा 1999 चा अभ्यास सांगितला, पन्नाशीपुढची 156 डिप्रेशनची माणसं, काहींना व्यायाम, काहींना गोळी, काहींना दोन्ही, आणि सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. लगेच पुढे हेही म्हणाल्या की याचा अर्थ चालू असलेली गोळी बंद करायची असा नाही, ते ठरवायचं काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं. हा प्रामाणिकपणा आवडला.

झोपेचा किस्सा तर आमच्या घरात अजून चालतो. मी दहालाच पडायचे आणि दोन वाजेपर्यंत छत बघायचे. मॅडमनी हिशोब मांडला, पलंगावर आठ तास, प्रत्यक्ष झोप पाच-साडेपाच, तर काही आठवडे पलंगावर जायचंच बाराला आणि उठायचं साडेपाचला, रविवारीसुद्धा, दुपारी डुलकी बंद, झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. सासूबाई म्हणाल्या, "झोप लागत नाही म्हणून पैसे देऊन गेलीस आणि त्या बाई तुला जागायला सांगतात?" पहिला आठवडा वाईट गेला, खोटं कशाला सांगू, ऑफिसात डोळे मिटत होते. पण नंतर पडल्या पडल्या झोप लागायला लागली. पडून राहिलेल्या वेळातला 85 टक्के वेळ झोपेत जायला लागला की पंधरा पंधरा मिनिटं वाढवत न्यायचं, असा नियम आहे. ही निद्रानाशासाठीची सीबीटीच आहे, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची थेरपी, आणि कायमच्या निद्रानाशाला गोळीच्या आधी हीच करा असं अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलंय. मात्र फिट येणाऱ्यांनी, बायपोलर असणाऱ्यांनी किंवा रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे मनाने करू नये, मॅडमनी सुरू करायच्या आधी ते सगळं विचारून घेतलं.

आणि चहा. सियागंजात कोणीही पार्टी आली की कट मागवला जातो, नाही म्हटलं तर राग. "ताई, चारनंतर किती होतात, खरं सांगा," असं विचारल्यावर मी मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात म्हणे. आता चारनंतर लिंबू पाणी, पोऱ्याला पण सवय झालीये, न विचारता आणतो.

सराफ्याचं, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीचं, काय हा प्रश्न मला होताच. शनिवारी रात्री अकराला सगळे निघणार, भुट्ट्याचं किस, थंडीत गराडू, परत यायला एक. मला वाटलं आता हे बंद. तर नाही, "जा, माणसांत जाणं हे तुमच्या तक्त्यात 8 आहे, फक्त उठायची वेळ हलवू नका." सराफ्याला जाऊ देणारी थेरपिस्ट मिळाली भिया, अजून काय पाहिजे!

यात बोलण्याचा भाग कमी आहे असं समजू नका. निम्मा वेळ विचारांवरच जातो. साहेबांनी फोन उचलला नाही की माझं डोकं थेट "रिटर्नमध्ये घोळ झालाय, नोटीस येणार" इथे पोचतं. तो विचार लिहायचा, त्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि मग दुसरं काय असू शकतं. अ‍ॅरन बेकने 1960 च्या दशकात मांडलेली पद्धत. माझा अनुभव असा की झोप झालेली असेल तरच हा कागद भरता येतो, नाहीतर विरुद्ध बाजूचा रकाना कोराच राहतो, आणि नुसती झोप सुधारून साहेबांच्या फोनची भीती गेली नसती. म्हणूनच आधीच्या ठिकाणचं नुसतं बोलणं आणि अ‍ॅपचं नुसतं टुंग टुंग दोन्ही फुकट गेलं असं मला वाटतं. इथे 20 तारखेच्या आठवड्यात मॅडम विचारांचं काम कमी ठेवतात आणि झोप-चालणं तेवढं सांभाळा म्हणतात, एवढी लवचिकता आहे.

आता तक्रारी. डाएटिशियन हा पॅकेजमधला सगळ्यात कच्चा भाग. हातात छापील चार्ट, क्विनोआ, अव्होकाडो, ऑलिव्ह ऑइल. राजेंद्र नगरात अव्होकाडो! त्यामागचा अभ्यास खरा आहे, ऑस्ट्रेलियातला, 2017 चा, 67 डिप्रेशनची माणसं, बारा आठवडे, भाज्या-डाळी-मासे-सुकामेवा असा आहार घेणाऱ्यांत सुमारे 32 टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले आणि नुसत्या गप्पांच्या सोबतीच्या गटात 8 टक्के. छोटा अभ्यास आहे पण हरकत नाही. मात्र त्यातलं तत्त्व उचलून आपल्या ताटात बसवणं हेच तर डाएटिशियनचं काम ना? ते शेवटी मॅडमनीच दोन मिनिटांत केलं : पोहे खा पण उसळ पोहे, मटकी जास्त आणि सेव वरून चिमूटभर, जिलबी रविवारी, मूठभर शेंगदाणे, दुपारी ताक. सेव चिमूटभर हे इंदूरच्या माणसाला सांगणं क्रूर आहे पण जमतंय.

दुसरं, रिसेप्शन. वेटिंगमध्ये पूर्ण नाव मोठ्याने पुकारतात. आपला मराठी समाज केवढासा, गणपतीत ज्या बाईंबरोबर अथर्वशीर्ष म्हटलं त्या समोरच्या खुर्चीवर, दोघींनी एकमेकींना न पाहिल्यासारखं केलं. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, 2017 मध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क लिहिलेला आहे, टोकन नंबर द्यायला किती खर्च येतो? मी लेखी दिलंय, अजून सुधारणा शून्य.

तिसरं, पॅकेजमध्ये "साउंड हीलिंग" आणि कसल्या तरी तेलाची बाटली चिकटवतात, काउंटरवरची मुलगी पिच्छा सोडत नाही. म्हणून म्हटलं, आधी सुटी सेशन्स करा, मॅडमशी जमतंय का बघा. आणि कुठेही जा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका, इथे तो भिंतीवर लावलेला आहे.

कोणासाठी नाही हेही लिहिते. तक्ता भरायचा कंटाळा असेल तर पैसे वाया जातील, होमवर्क न करता गेलं की मॅडम ओरडत नाहीत पण अर्धं सेशन त्यातच जातं. आणि कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, किंवा निदान सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, दिवसरात्र चालतं.

माझा त्या फॉर्मचा आकडा आता एक अंकी आहे. पाचपैकी चार, डाएटिशियन धरली तर साडेतीन. मेडिक्लेममध्ये ओपीडी नसेल तर हे बिल परत मिळत नाही, तरी पावती पक्की मागा, आपणहून देत नाहीत. संध्याकाळी सहानंतरचे स्लॉट आठवडाभर आधीच भरतात, फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप करा. आणि गाडी खाली लावू नका, समोरचा दुकानदार हवा काढतो.