रेफ्सडाल की १६जीईयू? भिंगातून दिसलेले दोन अतिनवतारे

दूरच्या अतिनवताऱ्याचा (स्फोट होऊन प्रखर उजळलेल्या ताऱ्याचा) प्रकाश वाटेतली दीर्घिका आपल्या गुरुत्वाने भिंगासारखी वाकवते आणि वाढवते; एकाच ताऱ्याच्या अनेक प्रतिमाही दिसू शकतात. त्या दीर्घिकेतले सुटे तारेही त्यात स्वतःची भर घालतात. यालाच सूक्ष्मभिंग म्हणतात. ते अभ्यासायला रेफ्सडाल आणि १६जीईयू या दोन अतिनवताऱ्यांपैकी कोणता बरा? माझा कौल १६जीईयूला.

रेफ्सडाल २०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या चित्रांत सापडला, एका दीर्घिकेभोवती चार प्रतिमांत. पाचवी कुठे, कधी दिसेल याचे भाकीत आधीच झाले होते आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती खरोखर दिसली! पण हा १९८७ मध्ये दिसलेल्या १९८७ए या अतिनवताऱ्यासारखा स्फोट, मूळ तेज नेमके ठाऊक नाही. त्यामुळे एखादी प्रतिमा किती उजळली हे सांगणे अवघड.

२०१६ मध्ये पालोमार वेधशाळेतून सापडलेला १६जीईयू टाइप १ए, म्हणजे जवळपास सारख्याच तेजाने उजळणाऱ्या प्रकारचा. त्याचे मूळ तेज बऱ्यापैकी ठरवता येते, म्हणून एकूण वर्धन ५० पटींहून जास्त असल्याचे थेट कळले. चार प्रतिमांच्या तेजातली तफावत मात्र दीर्घिकेच्या सलग वस्तुमानाने पुरती उलगडेना. तिथे ताऱ्यांवरचा संशय बळावतो. प्रत्येक प्रतिमेच्या वाटेत वेगळे तारे, म्हणून एक उजळते, दुसरी मंदावते. शिवाय स्फोटाचे कवच सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने फुगते. ताऱ्यांनी विणलेल्या कमी-अधिक वर्धनाच्या जाळीवर ते पसरत जाते, तसा प्रकाशवक्राचा (वेळेनुसार बदलत्या तेजाच्या आलेखाचा) आकारही बदलू शकतो.

हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, काढायचा असेल तर मात्र रेफ्सडालच. तो प्रतिमा एकमेकींपेक्षा किती उशिरा दिसतात यावरून काढतात, आणि मोठा विलंब नेमका मोजता येतो. १६जीईयूच्या प्रतिमांमधला विलंब जेमतेम एक-दीड दिवसाचा, रेफ्सडालच्या पाचव्या प्रतिमेचा वर्षाहून अधिक.