पीकेजी-कॉन्फिग: नवशिक्यांसाठी किती उपयोगी?

सी शिकणारा विद्यार्थी प्रमाण लायब्ररीपुरते प्रोग्रॅम लिहीत असतो, तोवर जीसीसी या कंपायलरला फाइलचे नाव दिले की काम भागते. बाहेरची लायब्ररी वापरायला घेतली की मात्र दोन वेगळे प्रश्न उभे राहतात: हेडर फाइल कोठे शोधायच्या हे कंपायलरला सांगावे लागते आणि कोणती लायब्ररी जोडायची हे लिंकरला, म्हणजे तयार भाग एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रॅमला. पीकेजी-कॉन्फिग हे लहानसे मुक्त साधन या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते, आणि लिनक्सवर सी शिकणाऱ्याने ते अगदी सुरुवातीपासून वापरावे असे माझे ठाम मत आहे.

त्याची गरज जीलिबच्या उदाहरणाने लगेच पटते. या लायब्ररीच्या बहुतेक हेडर फाइल एका फोल्डरमध्ये असतात, पण जीलिबकॉन्फिग नावाची एक हेडर फाइल यंत्राच्या रचनेनुसार बदलत असल्यामुळे ती निराळ्याच जागी, लायब्ररीच्या फोल्डरखाली ठेवलेली असते. पहिला मार्ग हाताने दिला तरी कंपायलर ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबतो, आणि ज्या फाइलचे नाव तो घेतो ती विद्यार्थ्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलीच नसते. पीकेजी-कॉन्फिगला सीफ्लॅग्ज व लिब्स हे दोन पर्याय देऊन जीलिब-२.० हे नाव सांगितले, की कॅपिटल आय लावलेले दोन्ही मार्ग आणि स्मॉल एल लावलेले लायब्ररीचे नाव एका ओळीत समोर येते.

मला या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो की ते फक्त ओळ छापते. कंपायलर चालवत नाही आणि काही लपवतही नाही. त्याची माहिती येते ती डॉट-पीसी या साध्या मजकुराच्या फाइलमधून, जी बहुतेक लायब्ररींच्या विकसन पॅकेजबरोबर (हेडर फाइल असलेल्या वेगळ्या पॅकेजबरोबर) येते आणि कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. शिकणाऱ्याने ही ओळ आधी टर्मिनलवर छापून पाहावी, तिच्यातला प्रत्येक पर्याय कशासाठी आहे ते समजून घ्यावे आणि मगच ती जीसीसीच्या आदेशात बसवावी.

त्रुटींमध्ये पहिला क्रमांक त्याच्या चूकसंदेशाचा. लायब्ररी सापडली नाही, तर पीकेजी-कॉन्फिग-पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून पाहण्याचा सल्ला ते देते. अनुभवी माणसाला हा सल्ला कधीतरी उपयोगी पडतो, पण नवशिक्याच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण साधे असते: लायब्ररी यंत्रावर आहे, तिचे विकसन पॅकेज नाही. डेबियन व उबंटूवर या पॅकेजच्या नावाअखेर ‘डेव्ह’ असते, फेडोरावर ‘डेव्हेल’. संदेशात एवढे एक वाक्य असते तर कितीतरी जणांचा वेळ वाचला असता. शिवाय नावांतही सरसकट एक नियम नाही. कर्लसाठी ‘लिबकर्ल’ लिहावे लागते, तर झेडलिबच्या लायब्ररीला स्मॉल एलपुढे नुसते ‘झेड’ पुरत असले तरी येथे ‘झेडलिब’ हेच नाव चालते. लिस्ट-ऑल हा पर्याय यंत्रावरची सगळी नावे दाखवतो, तो आधी वापरावा.

दुसरी अडचण क्रमाची आहे, आणि तिचा दोष साधनाकडे जात नसला तरी ती शिकणाऱ्याला छळते. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. स्थिर लायब्ररी (स्टॅटिक, प्रोग्रॅममध्येच सामावणारी) वाचताना तोवर जी फंक्शने सापडायची राहिली आहेत तेवढ्यांपुरताच भाग तो उचलतो. उबंटूवर सामायिक लायब्ररीही (शेअर्ड, प्रोग्रॅम सुरू होताना उघडली जाणारी), तिची गरज तोवर दिसली नसेल, तर वगळली जाते. त्यामुळे पीकेजी-कॉन्फिगचे उत्तर जीसीसीच्या लगेच पुढे आणि स्वतःची सी फाइल शेवटी लिहिली, तर सगळे पर्याय अचूक असूनही ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही चूक येते. सीफ्लॅग्ज फाइलच्या आधी आणि लिब्स फाइलच्या नंतर, असे दोन भागांत लिहावे.

गणिताच्या लायब्ररीसाठी पीकेजी-कॉन्फिगचा उपयोग नाही. ‘एम’ हे नाव स्मॉल एल लावून हातानेच द्यावे लागते.

पीकेजी-कॉन्फिगच्या जागी आता अनेक ठिकाणी पीकेजीकॉन्फ हे तेच काम करणारे दुसरे साधन आले आहे. फेडोराने ते २०१७ मध्ये स्वीकारले. आदेश तोच राहतो, आणि नवशिक्याला फरक जाणवण्याचे कारण नाही.

प्रोग्रॅम तयार झाल्यावर मात्र हे साधन बाजूला होते. स्वतः सोर्समधून बांधून युएसआर-लोकलमध्ये बसवलेली लायब्ररी व्यवस्थित जोडली जाऊनही प्रोग्रॅम सुरू होताना ‘सामायिक लायब्ररी उघडता येत नाही’ असे सांगू शकतो, कारण त्या वेळी शोध घेणारा डायनॅमिक लोडर डॉट-पीसी फाइल वाचतच नाही. अशा वेळी पर्याय पुन्हा तपासत बसू नये. लोडरची लायब्ररींची नोंद ताजी करणारा एलडीकॉन्फिग हा आदेश ॲडमिन अधिकाराने एकदा चालवावा, आणि लायब्ररी घरच्या फोल्डरमध्ये असेल तर तो मार्ग एलडी-लायब्ररी-पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यावा.