गाडीत रास्पबेरी पाय बसवावा की जुना टॅब?

घर बेळगावात, सासरवाडी चंदगडला आणि मासे खायला गोवा. म्हणजे एका महिन्यात तीन राज्यांचे नकाशे लागतात. त्यात गोव्याच्या वाटेवर जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या जंगलात शिरलं की मोबाइलची रेंज जी जाते, ती चोर्ला घाट उतरेपर्यंत धड येत नाही. म्हणून गाडीत ऑफलाइन नकाशे हवेतच.

आधी मी रास्पबेरी पाय ४ बसवला, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक. सात इंची टचस्क्रीन, यूएसबी जीपीएस आणि नॅव्हिट हे वाट दाखवणारं सॉफ्टवेअर. मजा आली, खोटं कशाला बोलू? नॅव्हिटची एकच सेटिंगची फाइल असते, ती उघडायची आणि बटणं पाहिजे तेवढी मोठी करायची. वाट सांगणं पाय आणि टॅब दोघांनाही जमतं, त्यात फार डावं-उजवं नाही.

घोडं अडलं ते किल्लीपाशी. किल्ली फिरवली की पाय सुरू व्हायला लागतो. तेवढ्यात स्टार्टर फिरतो, लायटर सॉकेटची लाइन क्षणभर जाते आणि बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तोवर आम्ही गल्लीबाहेर. बंद करतानाही तसंच. त्याला आधी रीतसर शटडाउन द्यायचा असतो, पण जांबोटीला चहा दिसल्यावर ते कुणाच्या लक्षात राहतंय? तिसऱ्या खेपेला परत येऊन किल्ली फिरवली, तर काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी आणि पुढे काही नाही. ज्यावर त्याचं सगळं सॉफ्टवेअर असतं ते एसडी कार्ड गेलं. पुढचा घाट बायकोनं खिडकीतून लोकांना विचारत पार केला.

उपाय आहेत की. कार्ड रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं करता येतं, पण मग साठवलेली ठिकाणं दर वेळी पुसली जातात. नाहीतर बॅटरीचं वेगळं बोर्ड लावायचं. तिथं मी थांबलो. बॅटरी लावायचीच, तर जिला ती जन्मजात आहे अशी वस्तू कपाटात धूळ खात पडली होती.

त्या जुन्या टॅबवर ऑरगॅनिक मॅप्स हे ऑफलाइन नकाशांचं अ‍ॅप घातलं, तिन्ही राज्यांचे नकाशे घरच्या वाय-फायवर उतरवले. आता किल्ली काढा, घाला, त्याला पत्ताच नसतो. उन्हाचं मात्र जपावं लागतं. एप्रिलमध्ये डॅशबोर्डवर ठेवून गेलात तर बॅटरी फुगायची भीती, म्हणून मी उतरताना तो काढून सीटखाली सारतो. चार्जर निदान दोन अँपियरचा घ्या, नाहीतर लावलेला असूनही चार्ज उतरत जातो.

रिव्हर्स कॅमेरा, इंजिनचे आकडे असं सगळं एकाच पडद्यावर हवं असेल आणि सोल्डरिंगचा कंटाळा नसेल, तर पायच घ्या, मी नाही म्हणणार नाही. माझ्या गाडीतून मात्र त्यानं काढता पाय घेतला. जुना टॅब विकत घेणार असाल तर सिम काढून, वाय-फाय बंद करून अंगणात पाच-दहा मिनिटं धरून बघा. काही वाय-फायवाल्या टॅबमध्ये जीपीएसच नसतं.