‘रॅक गेलाय’ म्हणाले की आधी गाडी लिफ्टवरून खाली घ्यायला सांगा

खड्ड्यातून जाताना पुढून खटखट येते, म्हणून गाडी गॅरेजला जाते. दहा मिनिटांत ती लिफ्टवर चढते. मेकॅनिक पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवतो, चाक हलतं, आणि मालकाला निकाल ऐकवला जातो : स्टिअरिंग रॅक गेलाय, असेंब्लीच टाकावी लागेल, अशी गाडी चालवू नका. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा, आणि असेंब्ली म्हणजे त्याचा अख्खा संच. स्टिअरिंगचं नाव निघालं की कुणी घासाघीस करत नाही, कारण घरची माणसं त्याच गाडीत बसणार असतात. या फसवणुकीचं भांडवल तेवढंच.

पण ते चाक हललं का? लिफ्टवर चाकं अधांतरी असतात. स्टिअरिंग लॉक नसेल तर एक चाक ढकललं की दुसरंही वळतं आणि आत स्टिअरिंगही फिरतं. त्याला प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, म्हणत नाहीत, चाक वळणं म्हणतात. म्हणून हा खेळ चालू असताना पलीकडच्या चाकाकडे बघा. दोन्ही एकदम हलत असतील आणि मध्ये कुठे ‘टक्’ लागत नसेल, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

खरी तपासणी गाडी चारही चाकांवर उभी असताना होते. हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा जोर मिळतो. एकाने स्टिअरिंग जेमतेम वीतभर डावी-उजवीकडे झटक्याने हलवायचं आणि दुसऱ्याने एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या रॉडच्या बाहेरच्या सांध्यावर, ठेवलेल्या हाताला टकटक लागली तर तो गेलाय. रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, चिमटीत दाबून आतला सांधा, रॅक एंड, चाचपता येतो. पेडलजवळच्या स्टिअरिंग शाफ्टच्या क्रॉस जॉइंटवर टकटक लागली तर दोष त्या जॉइंटचा. रॅकच्या आतला बुश (दांड्याला आधार देणारी कडी) झिजला असेल तर पिनियनच्या (दांडा सरकवणाऱ्या छोट्या गिअरच्या) विरुद्ध टोकाला रॉड धरून वर-खाली केल्यावर हलतो.

आणि खटखट फक्त खड्ड्यात येत असेल, स्टिअरिंग जागच्या जागी हलवताना येत नसेल, तर पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे गाडीचा झोक आवरणाऱ्या आडव्या बारला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांड्यावर, घ्या. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडून बांधून ठेवायचे आणि त्याच स्पीडब्रेकरवरून गाडी हळू न्यायची. आवाज थांबला तर विषय संपला. त्यानंतर संशय चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट आणि सस्पेन्शनच्या वरच्या माउंटिंगवर. रॅकचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो.

‘रॅकमधून ऑइल गळतंय’ हे दुसरं ठेवणीतलं वाक्य. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. मोटर वर कॉलमला आणि खाली साधा मेकॅनिकल रॅक, ज्यात फक्त ग्रीस. बॉनेटखाली पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा डबाच नसेल तर रॅकमधून ऑइल येणार कुठून? बूटवर दिसणारा ओलावा इंजिनचा, ॲक्सलच्या ग्रीसचा किंवा कुणी मुद्दाम मारलेल्या स्प्रेचा. हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत मात्र बूटमध्ये ऑइल साचलं असेल तर सील गेलंय, हे खरं.

आता बिल. समजण्यासाठी एका हॅचबॅकचे आकडे धरू : रॅक असेंब्ली ९,८००, दोन रॅक एंड १,९००, दोन बूट ७००, दोन टाय रॉड एंड १,३००, मजुरी ४,५००, अलाइनमेंट ८००. बेरीज १९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,४२०. एकूण २२,४२०.

यात दोन चोऱ्या आहेत. बहुतेक गाड्यांची नवी असेंब्ली रॅक एंड आणि बूट बसवूनच येते, म्हणजे २,६०० रुपये त्याच वस्तूचे दुसऱ्यांदा. आणि पार्टचे भाव एमआरपीने लावले असतील तर कर त्यात आधीच धरलेला असतो. १३,७०० च्या पार्टवर पुन्हा लावलेले २,४६६ बेकायदा. जीएसटी फक्त मजुरी आणि अलाइनमेंटवर, म्हणजे ९५४. रॅक खरोखरच गेला असता तरी हे काम १७,३५४ चं. लिंक रॉडचा दोष असता तर यातला रॅक, त्याची मजुरी, काहीच लागलं नसतं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले असेंब्ली सांगतात ते दर वेळी फसवायला नाही. कितीतरी मॉडेलचा आतला बुश कंपनी सुटा विकतच नाही. बाहेर मात्र तो मिळतो किंवा लेथवर नायलॉनचा करून घेता येतो. रॅकवरच्या ॲडजस्टरने थोडा प्ले काढताही येतो, पण जास्त आवळला तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. बूट फाटून पावसाळाभर पाणी गेलं असेल, रॉडला गंजाचे खड्डे पडले असतील, किंवा अपघातात रॉड वाकला असेल, तर मुकाट्याने रॅक बदला. तो गंज बूट सरकवून डोळ्यांनी बघा आणि मगच हो म्हणा.

काम करायला दिलंच, तर नव्या रॅकचा खोका आणि त्यावरचं एमआरपीचं लेबल बसवण्याआधी मागा. कुर्ल्याच्या भंगारातला रॅक घासून, चंदेरी रंग मारून ‘नवा’ म्हणून बसवता येतो. रंगाखाली बोल्टच्या भोकांवर जुन्या पान्याच्या खुणा राहतात.

रॅक सुटा असताना स्टिअरिंग सरळ धरून बांधलेलं हवं. ते मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगच्या वायरची आतली गुंडाळी, क्लॉक स्प्रिंग, तुटते. मग एअरबॅगचा दिवा लागतो, हॉर्न बंद पडतो आणि ‘हे आधीपासूनच होतं’ म्हणून नवं बिल येतं. म्हणून गाडी देताना चालू मीटरचा आणि वाजत्या हॉर्नचा व्हिडिओ काढून ठेवा.

पैसे भरण्याआधी चॅसी नंबर कंपनीच्या साइटवर रिकॉलसाठी टाकून बघा. जुलै २०२३ मध्ये मारुतीने टाय रॉडच्या दोषासाठी ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको परत बोलावल्या होत्या. असं काम फुकट होतं.

एमआरपीवर कर लावलेलं बिल हाती आलंच, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रारीला पक्कं बिल, लेबलचा फोटो आणि जुना रॅक लागेल. तो काढल्या काढल्या डिकीत टाकायला सांगा.